फौज निजामाची, देणे वऱ्हाडचे



आपल्या जऊळक्याच्या स्टेशनावरून एक लोहमार्ग अकोल्याकडे जातो, दुसऱ्या बाजूने तोच वाशीमवरून हिंगोलीकडे उतरतो. हिंगोलीला आपण लग्नकार्याला जातो, बाजाराला जातो. परंतु त्या गावी १८१९ पासून १९०३ पर्यंत एक लष्करी छावणी होती, आणि त्या छावणीतल्या फौजेचा पगार पुढे पन्नास वर्षे आपल्या या वऱ्हाड प्रांताच्या शेतसाऱ्यातून दिला जात होता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही ती चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. आज ती सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

आरंभीच सांगून टाकतो की मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, रात्रीच्या वेळी आणि मिळेल त्या पुस्तकातून. माझा धंदा हमाल आणि जिनिंगमधील कामगार यांची संघटना बांधण्याचा. मग कामगार चळवळीतल्या माणसाने फौजा आणि तोफा यांवर बोलण्याचे कारण काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. कारण असे की, आमच्या धंद्यात कोणताही व्यवहार समोर आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. हुकूम कोणाचा? पैसा कोणाचा? आणि नको म्हणण्याचा अधिकार कोणाला? हेच तीन प्रश्न मी एकदा इतिहासाच्या पुस्तकाला विचारले, आणि आपल्या जिल्ह्याचा इतिहास मला निराळाच दिसू लागला.

एक अनुभव सांगतो. माझ्या तरुणपणी एका जिनिंगमध्ये मी गाठी उचलीत असे. जिनिंग एका शेठचे, आमचा मुकादम दुसऱ्याच ठेकेदाराचा, आणि आमची मजुरी कापली जायची ती कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीतून. एकदा दोन आठवड्यांची मजुरी थकली. शेठ म्हणाला, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, शेतकऱ्याकडून कमी आली. आणि शेतकरी बिचारा पट्टी दाखवून म्हणाला, माझी तर कापून घेतली! फाटकावर नाव एकाचे, हुकूम दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा. अशा व्यवहारात ज्याचा पैसा त्याला कोणी विचारीत नाही, आणि ज्याचे नाव त्याला काही करता येत नाही. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची कथा मी वाचली तेव्हा मला त्या फाटकाची आठवण झाली.

आता मूळ कथेकडे वळू. ११ मार्च १७९५ रोजी जामखेडजवळच्या खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम अली खान हरला. त्याचे इंग्रजांशी सख्य होते, त्याच्या पदरी कंपनीच्या दोन पलटणी होत्या, परंतु गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहण्याचे धोरण धरले आणि त्या पलटणी मराठ्यांविरुद्ध वापरू दिल्या नाहीत. पैसे मोजून ठेवलेले हत्यार ऐन वेळी म्यानातून निघाले नाही. निजामाने धडा घेतला. त्याने इंग्रजांच्या पलटणी परत पाठविल्या आणि आपल्या चाकरीतल्या रेमंड नावाच्या फ्रेंच सेनानीची कवायती फौज वाढविली. रेमंडने हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखानाही काढला होता. त्या जागेला आजही ‘गनफाउंड्री’ असेच म्हणतात; जुने लोक ‘तोप का साँचा’ म्हणत.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. निजामापुढे त्या वेळी दोन मार्ग होते. एक, आपल्या हुकमतीखालची फौज आणि आपल्या गावातला तोफखाना. दुसरा, परक्याची तयार फौज भाड्याने. पहिला मार्ग कष्टाचा व खर्चाचा; दुसरा सोयीचा. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच सुमारास वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. फ्रान्सशी युद्ध चालू होते, आणि दक्षिणेत फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली सुमारे १४ हजारांची फौज असणे त्याला खपण्यासारखे नव्हते. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाशी तह झाला. कंपनीच्या सहा पलटणींची तैनाती फौज हैदराबादेत राहावी, तिच्यासाठी निजामाने वर्षाला २४,१७,१०० रुपये द्यावेत, आणि फ्रेंचांची फौज मोडावी, असे ठरले.

ती फौज ऑक्टोबर १७९८ मध्ये मोडली, आणि ती कशी मोडली हे ऐकण्यासारखे आहे. लढाई झालीच नाही. शिपायांचा पगार थकला होता. त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड करून त्यांना अडकवून ठेवले. इंग्रजांच्या पलटणींनी छावणीला वेढा दिला, थकलेला पगार चुकता करण्याचे वचन दिले, आणि शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली. एका राज्याची स्वतःची कवायती फौज थकलेल्या पगारापायी गेली! तोफ ओतणे सोपे. परंतु ती ओढणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी घडी बसविणे फार अवघड. निजामाच्या दरबाराला ती घडी कधीच बसविता आली नाही, आणि पुढची सर्व कथा या एका दोषातून उगवली आहे.

१८०० साली दुसरा तह झाला. तैनाती फौज वाढली, आणि तिच्या खर्चासाठी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला सारा मुलूख निजामाने कंपनीला कायमचा तोडून दिला. बल्लारी, अनंतपूर, कडप्पा हा तो मुलूख. याच तहात एक बारावे कलम होते. त्याचा आशय असा की, युद्ध उद्भवल्यास निजामाने तैनाती फौजेबरोबर आपली स्वतःची ६ हजार पायदळ आणि ९ हजार घोडेस्वार द्यावेत. हे कलम नीट लक्षात ठेवा. ते युद्धाच्या वेळेपुरते होते.

निजाम एकटाच या वाटेने गेला असे समजू नका. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्याने ६ हजारांची तैनाती फौज घेतली आणि तिच्यासाठी २६ लाखांचा मुलूख लावून दिला. शिंद्यांनी निराळी चूक केली. त्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या, उत्तम तोफा ओतविल्या, पण हुकूम देणारे अधिकारी युरोपातून आणले. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच उत्तरेतला त्यांचा मुख्य सेनापती पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि कित्येक अधिकारी चाकरी सोडून गेले. भोकरदनजवळ असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांचे गोलंदाज तोफांना चिकटून लढले व तेथेच पडले. त्यांच्या शौर्यात उणे नव्हते. उणे होते ते दौलतीने हुकमाची सूत्रे परक्या हाती दिली होती त्यात. पुढे २९ नोव्हेंबरला आपल्या अकोल्याकडच्या अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडाला पाडाव झाल्यावर भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. तोवर येथे निजाम आणि भोसले यांची दुअंमली होती, म्हणजे रयत एक आणि वसूल करणारे दोन. आता वऱ्हाड एकट्या निजामाच्या पदरात पडला.

येथून कंटिंजंटची कथा सुरू होते. १८११ साली हेन्री रसेल हैदराबादेस रेसिडेंट झाला. युद्धात निजामाची फौज कामाची नाही, ती सुधारली पाहिजे, असे कारण पुढे करून त्याने इंग्रजी धर्तीवर शस्त्रे, पोशाख आणि कवायत दिलेल्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना ‘रसेल ब्रिगेड’ असे नावच पडले. पुढे त्यात घोडेस्वार व तोफखाना येऊन कंटिंजंट तयार झाली. निजामाचा पेशकार राजा चंदुलाल हा रेसिडेंटच्या मर्जीवर टिकलेला माणूस. त्याने प्रत्येक खर्चाला मान डोलावली. फौजेचे नाव निजामाचे. अधिकारी इंग्रज, त्यांची नेमणूक व बढती रेसिडेंटच्या हाती. खर्च वर्षाला ४० लाखांच्या आसपास. युद्धापुरते असलेले बारावे कलम शांततेच्या काळात बारमाही झाले. अधिकारी गरजेपेक्षा जास्त आणि पगार भरमसाट. ‘सगळ्याचे देणे बिचारा निजाम देतो’ अशा अर्थाचे थट्टेचे वाक्य इंग्रजांमध्येच रूढ होते.

पण निजाम तरी कोठून देणार? महसुलाचा मक्ता घेणारे इजारदार गावोगाव वसुली करीत, आणि खजिना भरण्यापूर्वीच रिता होई. मग सावकार आला. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. त्या पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या पालनातल्या मुलीचा नवरा. हेस्टिंग्जने पेढीला निजामाशी देवघेव करण्याची खास परवानगी दिली. वऱ्हाड व औरंगाबाद येथील फौजेच्या पगारासाठी पेढीने दरमहा २ लाख रुपये आगाऊ द्यावेत आणि त्याबदली वर्षाला ३० लाखांच्या वसुलीच्या वराता घ्याव्यात, असा एक करार झाला. आता हिशेब आपणच करा. बारा महिन्यांचे २४ लाख दिले आणि ३० लाखांचा वसूल लिहून घेतला! ज्या गावांचा वसूल लिहून दिला त्या गावांत आपल्या वऱ्हाडची गावे होती. १८२० साली याच पेढीने आणखी ६० लाखांचे कर्ज दिले. त्याच वर्षी आलेला नवा रेसिडेंट मेटकाफ याने हे प्रकरण उघडकीस आणले, पेढी बुडाली, परंतु तिचे देणे मात्र निजामाकडूनच फेडून घेण्यात आले. कंपनीकडून त्याला दरसाल जी पेशकश मिळत असे ती एकरकमी तोडून कायमची संपली. सावकार बुडाला तरी कर्ज बुडत नाही, हा अनुभव वऱ्हाडच्या शेतकऱ्याला नवा नाही.

आणि ही फौज कोणाविरुद्ध वापरली गेली? जानेवारी १८१९ मध्ये हिला पहिला मोठा पराक्रम गाजविता आला तो आजच्या नांदेड जिल्ह्यातील नाव्ह्याच्या गढीवर. आत होते हटकर नाईक नोवसाजी आणि त्यांची माणसे. वेढा घालून गढी सर केली, आणि या मुलखातल्या लोकांवरील तो विजय त्या पलटणींच्या निशाणावर सन्मान म्हणून लिहिला गेला. पलटणींच्या भरतीत उत्तर हिंदुस्थानातील लोकांचा भरणा मोठा होता. म्हणजे वसूल येथला, मार येथल्यांना, आणि चाकरीही येथल्यांना नाही.

१८४३ साली चंदुलाल गेला तोपर्यंत दौलत कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. पगार थकू लागला की रेसिडेंट कंपनीच्या खजिन्यातून तो भागवी आणि निजामाच्या नावे मांडी. त्यावर आरंभी शेकडा १२ व्याज. म्हणजे निजामाला नको असलेली फौज, त्याच्या हुकमात नसलेली फौज, त्याला कर्ज देऊन त्याच्याच नावाने पोसली जात होती. लॉर्ड डलहौसीने वसुलीचा तगादा लावला. निजाम नासिर-उद्-दौला याने १८५१ साली मोठी रक्कम भरली. तरी दोन वर्षांत देणे पुन्हा सुमारे ४५ ते ५० लाखांवर गेले.

या कर्जाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सिकंदराबाद आणि जालना येथील छावण्यांत दारूवरील अबकारीचे उत्पन्न वर्षानुवर्षे कंपनी घेत होती. ते निजामाचे आहे असे त्याचे म्हणणे होते. ते वळते केले असते तर कर्जातले थोडेच उरले असते. पुढे रेसिडेंट झालेल्या कर्नल डेव्हिडसननेच लिहून ठेवले आहे की, निःपक्षपाती हिशेब झाला असता तर निजामाकडे आपले काही न्याय्य येणे नव्हते. आणि खुद्द डलहौसीने मार्च १८५३ च्या आपल्या टिपणात कबूल केले होते की, १८०० च्या तहातील बाराव्या कलमामुळे शांततेच्या काळात ही फौज ठेवणे निजामावर बंधनकारक होते, असे प्रामाणिक माणूस म्हणून आपल्याला म्हणता येणार नाही. इतके कबूल करूनही त्याने वसुली सोडली नाही. कायदा आपल्या बाजूला नाही हे माहीत असूनही ताकद आपल्या बाजूला आहे म्हणून दावा चालविणारे मालक मीही पाहिले आहेत. परंतु इतके स्पष्ट लिहून ठेवणारा मालक मात्र पाहिला नाही.

कर्नल लो हा नवा रेसिडेंट मुलूख मागण्यासाठी १८५३ च्या आरंभी हैदराबादेस आला. निजाम आठवडेच्या आठवडे नाही म्हणत राहिला. अखेर पुण्याकडील फौजेला तयार राहण्याचे हुकूम सुटल्याची सूचना दिवाण सिराज-उल्-मुल्क याच्यापर्यंत पोचविण्यात आली, आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे जिल्हे कंपनीच्या कारभारात गेले. त्यांच्या वसुलातून ५ हजारांहून कमी नाही इतके पायदळ, २ हजार घोडेस्वार आणि ४ तोफखाने यांचा खर्च चालवावा, उरेल ते निजामाला द्यावे व दरसाल हिशेब दाखवावा, असे ठरले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. तह झाल्यानंतर काही दिवसांतच तो दिवाण वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग याच्याकडे दिवाणगिरी आली.

हे सर्व कलकत्ता आणि हैदराबाद येथे ठरले. वाशीम, मेहकर, खामगाव, उमरावती येथल्या एकाही देशमुखाला, पाटलाला, रयतेला कोणी विचारले नाही. हा प्रांत कापसाचा होता. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्याच सुमारास मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता, हेही विसरू नये. पूर्वीच्या काळी माणूस सावकाराकडे शेत गहाण टाकी. येथे एक संपूर्ण प्रांत गहाण पडला, आणि तो एका फौजेच्या पगारासाठी!

चार वर्षांनी १८५७ साल उजाडले. ही कंटिंजंट सर ह्यू रोझच्या हाताखाली मध्य हिंदुस्थानात गेली. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात ती होती, पुढे काल्पी आणि ग्वाल्हेरलाही होती. झाशीच्या राणीचे नाव घेताच आपला ऊर भरून येतो. परंतु तिच्या तटाखाली उभ्या असलेल्या काही पलटणींचा पगार वऱ्हाडच्या साऱ्यातून जात होता, हे सांगताना माझी जीभ अडखळते. आपल्या पणज्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो कापूस वेचून सारा भरीत होता. ज्याचा पैसा त्याला विचारायचे नाही असा व्यवहार झाला की त्याच्या नकळत त्याच्या हातून काय काय होते, त्याचे याहून मोठे उदाहरण मला सापडलेले नाही.

इंग्रजांनी उपकार स्मरून १८६० साली नवा तह केला. ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव व रायचूर परत मिळाले. कर्जच उरले नाही तेव्हा वऱ्हाडही सुटायला हवा होता. तो सुटला नाही. उलट वऱ्हाडचे हिशेब मागण्याचा हक्क मात्र या तहाने निजामाने गमावला. गहाण फिटले तरी जमीन सावकाराकडेच, आणि आता वही दाखविण्याचेही बंधन नाही!

कोणी म्हणेल, इंग्रजी अमलात वऱ्हाडचे बरेच झाले की. जमिनीची मोजणी झाली, सारा ठरून गेला, रेल्वे आली, शाळा आल्या. हे मी नाकारीत नाही. चंदुलालच्या काळच्या इजारदारापेक्षा ठरलेला सारा केव्हाही बरा, आणि निजामाची दरबारी ऐषआरामी राजवट परत आली असती तर आपले सोने झाले असते, असेही मी म्हणणार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. मालक चांगला की वाईट हा एक प्रश्न. आपल्याला विचारून मालक ठरला काय, हा दुसरा. कामगाराला बोनस मिळाला म्हणून मस्टरवरची त्याची सही दुसऱ्याने करावी, हे आपण मान्य करीत नाही.

सालारजंगाने वऱ्हाड परत मिळविण्यासाठी पुढली वीस वर्षे खटपट केली. फौजेचा पगार व्याजातून भागेल इतके भांडवल ठेवतो, मुलूख परत द्या, असेही त्याने सुचविले. १८७६ साली तो विलायतेस जाऊन आला. उपयोग झाला नाही. अखेर ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान याच्याशी करार करून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतला. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला, कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेसाठी प्रांत गहाण पडला ती फौज संपली. प्रांत तिकडेच राहिला. त्या पलटणींपैकी एकीचे नाव ‘९६ वी बेरार इन्फंट्री’ होते. १९२२ साली या पलटणींची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिलाच कुमाऊं रेजिमेंट हे नाव मिळाले. हीच कुमाऊं रेजिमेंट १९६२ साली लडाखमध्ये रेझांग ला येथे देशासाठी अखेरच्या गोळीपर्यंत लढली. पाहा, पलटणीचा वारसा तोच. हुकूम बदलला आणि पैसा कोणासाठी खर्च होतो हे बदलले, तेव्हा त्याच परंपरेचा अर्थ बदलला. दोष बंदूक धरणाऱ्या गरिबाच्या मुलात कधीच नव्हता.

आता आपण म्हणाल, या जुन्या कढीला आज ऊत आणण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हेच की, शस्त्र घेण्याचे व्यवहार थांबलेले नाहीत, आणि ते तीन प्रश्न शिळे झालेले नाहीत. १९६२ सालचे उदाहरण घ्या. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ ही जलद लढाऊ विमाने दिली होती. ती व ती बनविण्याचा परवाना भारताला देण्याची तिची तयारी नव्हती. तेव्हा भारताने सोव्हिएत संघाची मिग-२१ विमाने निवडली. पाश्चात्य देशांनी नाके मुरडली. परंतु या निवडीतली महत्त्वाची गोष्ट विमानाचा वेग ही नव्हती. विमान येथे बनविण्याचा परवाना मिळत होता आणि मोल रुपयांत देता येत होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ साली नाशिकजवळ ओझरला त्यासाठी कारखाना निघाला. १९६५ च्या युद्धात अमेरिका व ब्रिटन यांनी भारत व पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबविला, तेव्हा त्या विचाराचे मोल पटले. खर्ड्याला निजामाला जो अनुभव आला तोच हा. विकत घेतलेल्या हत्याराचा चाप आपल्या बोटाखाली असला तरी त्याच्या पुरवठ्याचा चाप विकणाऱ्याच्या बोटाखाली असतो.

परंतु परवाना म्हणजे मोक्ष नव्हे. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि सुट्या भागांसाठी आपल्या हवाई दलाची धावपळ झाली. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी सेवेतून निवृत्त झाली. दरम्यान अनेक तरुण वैमानिक त्यांच्या अपघातांत गेले, कारण त्यांची जागा घेणारे आपले विमान वेळेवर तयार झाले नाही. बोफोर्सचेही तसेच. १९८६ साली स्वीडनकडून ४१० तोफा घेण्याचा करार झाला. लाच कोणी खाल्ली यावर देशात वर्षानुवर्षे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या कराराबरोबर तोफ बनविण्याची कागदपत्रेही आली होती, ती दोन तपांहून अधिक काळ पडून राहिली, याबद्दल कोणी सभा घेतली नाही. शेवटी जबलपूरच्या कामगारांनी त्यांच्याच आधाराने ‘धनुष’ तोफ उभी केली, आणि ती २०१९ साली सैन्यात आली. पैसा आपला होता. प्रश्न मात्र आपण अर्धाच विचारला.

आपल्या विदर्भ-खानदेशात नागपूरची अंबाझरी, भंडारा, भद्रावती, भुसावळ, वरणगाव येथे दारूगोळ्याचे आणि शस्त्रसामग्रीचे सरकारी कारखाने आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील असे सर्व कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यापूर्वी कामगारांनी संपाची भाषा केली, तेव्हा त्याच वर्षी जूनमध्ये वटहुकूम व नंतर कायदा करून संपाला बंदी घालण्यात आली. या फेरबदलाने उत्पादन सुधारेल असे सरकारचे म्हणणे. आमच्यासारख्यांच्या मनात शंका. दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. परंतु वाद घालण्याची जागा उघडी हवी, एवढे तरी दोन्ही बाजूंनी मान्य करावे. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या कारखान्यात जानेवारी २०२५ मध्ये स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. देशाच्या शस्त्राची किंमत मोजणाऱ्यांत तेही आहेत, आणि अंदाजपत्रकाच्या कोणत्याही रकान्यात ती किंमत मांडलेली नसते.

तात्पर्य काय? देशाला फौज हवी, आणि तिला उत्तम शस्त्रे हवीत, यात मतभेद नाही. निजामाची चूक फौज ठेवण्यात नव्हती. हुकूम दुसऱ्याच्या हाती दिला, पगार कर्जाने भागविला, आणि ज्या रयतेच्या जिवावर हे चालले तिला अंधारात ठेवले, या तिन्हींत चूक होती. तिची भरपाई तीन पिढ्या वऱ्हाडने केली. निजामाच्या रयतेला मत नव्हते, आपल्याला आहे. पुढच्या निवडणुकीत आपल्याकडे मत मागायला कोणी येईल तेव्हा रस्ता आणि पाणी जरूर मागा. त्याबरोबर हेही विचारा की, संसदेत शस्त्रखरेदीचा प्रश्न निघतो त्या दिवशी आपण हजर असता काय, आणि हुकूम, पैसा व नकार यांबद्दल काय विचारता? उत्तर येणार नाही कदाचित. परंतु आपल्या आजे-पणज्यांना हा प्रश्नही विचारता आला नव्हता.